प्रवेशअर्जातील सहशालेय उपक्रम व वैयक्तिक परिस्थितीचे निवेदन

प्रवेशअर्जातील सहशालेय उपक्रम व वैयक्तिक परिस्थितीचे निवेदन म्हणजे महाविद्यालय, विद्यापीठ, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती यांसाठी अर्ज करताना विद्यार्थ्याने परीक्षेतील गुणांखेरीज आपले खेळ, कला, समाजकार्य, श्रम आणि शिक्षणाच्या वाटेत आलेल्या अडचणी यांची करून दिलेली ओळख होय. अमेरिकेतील बहुतेक निवडक विद्यापीठांत हे निवेदन प्रवेशप्रक्रियेचा नियमित भाग आहे. भारतातील बहुसंख्य प्रवेश मात्र गुणांवर व सामाईक परीक्षांवर होतात. तेथे उपक्रमांची दखल वाढीव गुणांच्या रूपाने आणि परिस्थितीची दखल दाखल्यांच्या रूपाने घेतली जाते. काही खासगी विद्यापीठे, मुलाखतीवर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या यांसाठी विद्यार्थ्याला आपल्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे वा बोलावे लागते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके या विषयाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहेत. तेथील विद्यार्थ्यांचे बरेचसे श्रम, कला व जबाबदाऱ्या कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदल्या जात नाहीत. त्यामुळे दाखल्यांची पद्धत आणि निवेदनाची पद्धत या दोहोंचे गुणदोष तेथे एकाच वेळी दिसून येतात.

## संज्ञा

वक्तृत्व, चित्रकला, क्रीडास्पर्धा, स्काउट-गाइड, राष्ट्रीय छात्रसेना यांसारख्या शाळेने अभ्यासक्रमाच्या जोडीने चालवलेल्या उपक्रमांना मराठीत ‘सहशालेय’ वा ‘अभ्यासेतर’ उपक्रम म्हणतात. प्रवेशअर्जांच्या संदर्भात या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. नोकरी, शेतीकाम, भावंडांचा सांभाळ, आजारी माणसाची शुश्रूषा यांचाही तीत समावेश होतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जात उपक्रमांच्या प्रकारांमध्ये ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असे स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत.

‘वैयक्तिक परिस्थिती’ या संज्ञेत आर्थिक हलाखी, स्थलांतर, आजारपण, पालकांचे निधन, अपंगत्व, सामाजिक भेदभाव, नैसर्गिक आपत्ती आणि शिक्षणाच्या सोयींचा अभाव यांचा अंतर्भाव होतो.

## इतिहास

गुणांव्यतिरिक्त ‘व्यक्तिमत्त्व’ पाहून प्रवेश देण्याची पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झाली. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी चारित्र्य, खेळ, घराणे व शिफारसपत्रे यांना महत्त्व देण्यास आरंभ केला. त्यामागे परीक्षांत यशस्वी होणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा हेतू होता, असे समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ (२००५) या ग्रंथात दाखवून दिले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच पद्धत वंचित गटांतील विद्यार्थ्यांना संधी देण्यासाठीही वापरली जाऊ लागली. ‘कॉमन अ‍ॅप’ १९७५ मध्ये सुरू झाला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात सांगितल्यास ते विचारात घेण्याची मुभा ठेवली. त्यानंतर अशा निबंधांचे महत्त्व वाढले.

महाराष्ट्रात परिस्थिती पाहून शिक्षणास साहाय्य करण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने विद्यार्थ्याच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करते. दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या गरजू विद्यार्थ्यांची हकिकत छापून वाचकांकडून मदत उभी करणारा ‘मटा हेल्पलाइन’ हा महाराष्ट्र टाइम्स दैनिकाचा उपक्रमही याच परंपरेतील आहे. या सर्व व्यवस्थांत परिस्थितीचा विचार प्रामुख्याने आर्थिक साहाय्यासाठी झाला. जागा कोणाला द्यायची हे बहुतांशी गुणच ठरवीत राहिले.

## महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती

### उपक्रमांचे गुण

दहावीच्या परीक्षेत क्रीडास्पर्धांतील सहभागाबद्दल व यशाबद्दल स्पर्धेच्या स्तरानुसार वाढीव गुण मिळतात. त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट परीक्षेतील अ, ब व क श्रेणींना अनुक्रमे ७, ५ व ३ गुण दिले जातात. शास्त्रीय कला व लोककला यांनाही विहित प्रमाणपत्रांच्या आधारे गुण मिळतात. हे गुण परीक्षेच्या एकूण गुणांत मिळवले जात असल्याने त्यांचा परिणाम अकरावीच्या गुणवत्ता यादीवर होतो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. या प्रक्रियेत निबंध वा मुलाखत नसते.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यक इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षांवर होतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही परीक्षा घेतली जाते. दिल्ली विद्यापीठात खेळाडू व कलावंत विद्यार्थ्यांसाठी अतिरिक्त जागा असून तेथे परीक्षेच्या गुणांबरोबर प्रमाणपत्रे व प्रत्यक्ष चाचणी यांचाही विचार होतो.

### परिस्थितीचे दाखले

सामाजिक व आर्थिक परिस्थिती सिद्ध करण्यासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के आरक्षण आहे. अपंग, अनाथ, खेळाडू, प्रकल्पग्रस्त व भूकंपग्रस्त यांच्यासाठी समांतर सवलती आहेत. त्यासाठीही विहित प्रमाणपत्र आवश्यक असते.

जात प्रमाणपत्रांची पडताळणी २००० च्या राज्य अधिनियमानुसार होते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे कुटुंबाचे वास्तव्य विचारात घेतले जाते. पडताळणीत वडील, आजोबा वा अन्य रक्तनातेवाइकांच्या शाळेच्या दाखल्यांना महत्त्व असते. ज्या कुटुंबात आजोबा शाळेतच गेले नव्हते, त्या कुटुंबातील विद्यार्थ्याला नेमका हाच पुरावा मिळवणे कठीण जाते. शिक्षणाच्या अभावामुळे मिळणाऱ्या सवलतीसाठी पूर्वजांच्या शिक्षणाचा कागद मागितला जावा, हा या पद्धतीतील अंतर्विरोध आहे.

### निवेदनावर आधारित प्रवेश

अशोका विद्यापीठ, अझीम प्रेमजी विद्यापीठ यांसारख्या खासगी विद्यापीठांत परीक्षा वा शालेय गुणांबरोबर अर्जातील माहिती व मुलाखत यांचाही विचार होतो आणि गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य मिळते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशात मुलाखतीची परंपरा आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने एक निराळा मार्ग अनुसरला. तेथे मागास जिल्ह्यांतून आलेल्या उमेदवारांना ‘वंचितता गुण’ देण्यात येत असत. त्यामुळे विद्यार्थ्याला आपली कहाणी न सांगताही परिस्थितीचा लाभ मिळे. मात्र जिल्हा हे एकक धरल्यास अंतर्गत विषमता झाकली जाते. २०१४ पर्यंत तलासरी तालुका आणि ठाणे महानगर हे एकाच जिल्ह्याचे भाग होते.

## डहाणू व तलासरी तालुके

### पार्श्वभूमी

हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्ह्यात आले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यातील सुमारे दोन तृतीयांश आणि तलासरी तालुक्यातील सुमारे ९० टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली ही येथील प्रमुख जमात असून मल्हार कोळी, कोकणा, धोडी, दुबळा व कातकरी हे समाजही येथे राहतात. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध झालेला वारल्यांचा लढा याच परिसरातला आहे.

शिक्षणाच्या इतिहासातही या भागाला स्थान आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी ‘कुरणशाळा’ हा प्रयोग केला. गुरे राखण्यामुळे मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे लक्षात आल्यावर शाळाच कुरणावर नेण्यात आली. गुरे राखणे हा मुलाचा दोष न मानता ते त्याचे काम मानून त्याभोवती शिक्षणाची रचना करणे, हा या प्रयोगाचा गाभा होता.

उच्च शिक्षणासाठी तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आणि बोर्डी येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय आहे. आश्रमशाळा व आदिवासी वसतिगृहे डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत येतात. एप्रिल २०१३ मध्ये विरार-डहाणू उपनगरी रेल्वेसेवा सुरू झाल्याने पालघर, वसई व मुंबई येथील महाविद्यालये डहाणूच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली. तलासरी तालुक्याचे अंतर्गत पाडे मात्र आजही रेल्वेपासून दूर आहेत.

### नोंद न होणारे उपक्रम

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कलंबीपाड्यात राहत. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही कला मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाष्णींची. घरातील मुली ती पाहत व हात लावत शिकतात. रेखाकला परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व भूमिती हे विषय असतात. त्यामुळे भिंतीवर चौक उत्तम लिहिणाऱ्या मुलीला त्या परीक्षेचे वाढीव गुण मिळतीलच असे नाही. तारपा वाजवणारा किंवा तारप्याच्या नाचात फेर धरणारा मुलगाही प्रमाणपत्राविना ‘लोककला’ या सदरात बसत नाही.

श्रमांची स्थिती याहून निराळी नाही. भातलावणी व कापणी, चिकूच्या बागांतील तोड, मासे सुकवणे, सरपण व पाणी आणणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे शाळकरी मुले करतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. मुले कधी सोबत जातात, तर कधी आश्रमशाळेत वा आजी-आजोबांजवळ राहून घर सांभाळतात. या कामांना कोणी ‘उपक्रम’ म्हणत नाही. म्हणून अर्जात ‘छंद व उपक्रम’ हा रकाना आला, की विद्यार्थी तो रिकामा ठेवतो किंवा ‘वाचन, क्रिकेट’ असे लिहून मोकळा होतो.

### आपत्ती

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व लगतच्या परिसरात भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर व तंबूंत काढल्या. त्या वर्षीच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास याच काळात झाला. निवेदनावर आधारित अर्जात अशा घटनेला स्थान असते. केवळ गुणपत्रक पाहणाऱ्या पद्धतीत तो विद्यार्थी आणि निर्धास्त घरात अभ्यास केलेला विद्यार्थी यांच्यात भेद दिसत नाही.

### भाषा

घरी वारली बोली, शाळेत मराठी किंवा सीमेलगत गुजराती, आणि अर्जात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या येथील विद्यार्थ्याला चढाव्या लागतात. याखेरीज सर्वनामाचाही प्रश्न असतो. पाड्यावरची बहुतेक कामे एकत्रितपणे होतात आणि त्यांविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणण्याची रीत आहे. निवेदनाला मात्र ‘मी’ची अपेक्षा असते. ‘आम्ही बांध घातला’ या वाक्यात विद्यार्थ्याने दगड वाहिले, मजूर जमवले की हिशेब ठेवला, हे कळत नाही. स्वतःचा वाटा वेगळा काढून सांगणे त्याला आत्मस्तुतीसारखे वाटते.

## निवेदनाची रचना

वेगवेगळ्या अर्जांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये कमाल १० उपक्रम आणि कमाल ६५० शब्दांचा एक निबंध असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यावी लागतात. ब्रिटनच्या ‘युकास’ या सामाईक अर्जातील सलग निवेदनाऐवजी २०२६ च्या प्रवेशांपासून तीन प्रश्न आले असून उत्तरांची एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. त्यांतील एक प्रश्न शिक्षणाबाहेर केलेल्या तयारीविषयी आहे.

मर्यादा कोणतीही असली, तरी उपयुक्त निवेदनात सामान्यतः पुढील गोष्टी आढळतात:

* काम, काळ व वाटा: उपक्रमाचे नाव, तो किती वर्षे व आठवड्यातून किती वेळ केला आणि त्यात स्वतःकडे काय होते, हे सांगितले जाते. ‘घरकामात मदत’ यापेक्षा ‘इयत्ता आठवीपासून दररोज दोन भावंडांचा स्वयंपाक व शाळेची तयारी’ ही नोंद अधिक सांगून जाते.
* परिस्थितीचा शिक्षणावरील परिणाम: ‘आम्ही अत्यंत गरीब आहोत’ या विधानातून निवड समितीला फारसे कळत नाही. ‘आईवडील डिसेंबर ते मे वीटभट्टीवर असल्याने नववीत माझी हजेरी कमी झाली, दहावीत वसतिगृहात राहिल्यावर गुण वाढले’ या विधानातून गुणपत्रकातील चढउताराचे कारण समजते.
* घटनेपेक्षा कृतीला अधिक जागा: अडचण थोडक्यात सांगून ती आल्यावर विद्यार्थ्याने काय केले, काय शिकला आणि निवडलेल्या अभ्यासक्रमाशी त्याचा काय संबंध आहे, यावर भर असतो.
* पडताळणीयोग्यता: शिक्षक, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे गृहपाल किंवा ग्रामपंचायत यांच्याकडून दुजोरा मिळेल अशीच माहिती दिली जाते. नोंद नसलेल्या कामाबद्दल शिक्षकाच्या शिफारसपत्रात उल्लेख येऊ शकतो.
* न सांगण्याचा अधिकार: घरातील व्यसन, हिंसा, आजार वा मृत्यू यांविषयी लिहिणे बंधनकारक नसते. कुटुंबातील अन्य व्यक्तींची खासगी माहिती देताना त्यांची संमती व सुरक्षितता यांचा विचार आवश्यक ठरतो.

खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. बनावट जात प्रमाणपत्राच्या आधारे मिळालेला प्रवेश रद्द करण्याची तरतूद राज्याच्या अधिनियमात आहे. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांना कधीही न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून दाखवल्याचे निष्पन्न झाले होते.

## मार्गदर्शन व शिष्यवृत्त्या

पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्ज, निबंध व मुलाखत यांची ओळख करून देण्याचे काम काही स्वयंसेवी संस्था करतात. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून सुरू केलेली ‘एकलव्य’ ही त्यांपैकी प्रमुख संस्था होय. केंद्रे हे स्वतः ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनमध्ये शिकले. या शिष्यवृत्तीच्या अर्जात नेतृत्व, संपर्कजाळे, अभ्यासक्रमाची निवड व पुढील कारकीर्द या विषयांवर निबंध लिहावे लागतात.

केंद्र सरकारच्या जनजाती कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशातील पदव्युत्तर व त्यापुढील शिक्षणासाठी मिळते. तिच्या दरवर्षीच्या २० जागांपैकी ३ अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव आहेत. डहाणू परिसरातील कातकरी समाज या गटात मोडतो. राज्यात शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे.

## टीका व मतभेद

निवेदनाच्या पद्धतीवरील पहिला आक्षेप असा, की तीही संपन्न विद्यार्थ्यांनाच अनुकूल ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ६०,००० अर्जांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंधांतील विषय व शैली यांचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध हा प्रमाणित परीक्षेच्या गुणांशी असलेल्या संबंधापेक्षाही दृढ असल्याचे त्यात आढळले. शुल्क घेऊन निबंध घडवून देणारे मार्गदर्शक महानगरांत उपलब्ध असतात. तलासरीच्या आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला ती सोय नसते.

दुसरा आक्षेप दुःखाच्या प्रदर्शनाविषयी आहे. जागा मिळवण्यासाठी आयुष्यातील सर्वांत वेदनादायक प्रसंग अनोळखी परीक्षकापुढे मांडावा लागणे अपमानास्पद आहे आणि त्यातून दुःखांची स्पर्धा निर्माण होते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. मराठी साहित्यात दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी वंचितांच्या जगण्याला प्रतिष्ठेने वाचा फोडली. तथापि या लेखकांनी आपली कहाणी स्वतः निवडलेल्या वेळी, स्वतःच्या भाषेत व समाजाला प्रश्न विचारण्यासाठी लिहिली. अर्जदार सतरा-अठरा वर्षांचा असतो, त्याला शब्दमर्यादा असते आणि निर्णय वाचणाऱ्याच्या हाती असतो.

समर्थकांच्या मते गुणपत्रक व दाखले यांच्या पद्धतीतही अन्याय आहे. ती पद्धत मोजता येते तेवढेच पाहते. दाखला विद्यार्थी कोणत्या गटाचा हे सांगतो, त्याने काय केले हे सांगत नाही. निवेदनामुळे निदान ते सांगण्याची जागा मिळते. दाखल्यांवर आधारित आरक्षणाची जागा निवेदनाने घेऊ नये, हे मात्र बहुतेक समर्थकांनाही मान्य आहे. आरक्षण हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, तर निवेदनाचे मूल्यमापन परीक्षकाच्या विवेकावर अवलंबून असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, खेळ व कला यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. तथापि भावंडांचा सांभाळ, शेतीतील श्रम किंवा घरच्या परंपरेतून आलेली कला यांची नोंद करण्याची नियमित व्यवस्था राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत नाही. कुरणशाळेने गुराख्याच्या कामाला शाळेत दिलेले स्थान प्रवेशअर्जात अद्याप मिळालेले नाही.

## हे सुद्धा पहा

* डहाणू तालुका
* तलासरी तालुका
* वारली चित्रकला
* अनुताई वाघ
* कमवा आणि शिका